उसन्या मापांचा हिशेब

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ रोजी थॉमस एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज विकायची तर ती मोजायची कशी, हा प्रश्न तेव्हा दिवे लावण्याइतकाच अवघड होता. एडिसनने त्यावर काढलेला तोडगा आज वाचताना गंमत वाटते. ग्राहकाकडे बसवलेल्या पेटीत झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. घरात येणाऱ्या प्रवाहाचा अगदी छोटा, ठरावीक हिस्सा त्या द्रावणातून जाई आणि त्या प्रमाणात एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसे. ठरल्या मुदतीने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, कचेरीत त्यांचे वजन होई आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून पेटीतच एक दिवा ठेवावा लागे, म्हणजे वीज मोजायलाही वीज लागे. माप म्हणून ही पेटी वाईट नव्हती. मात्र ग्राहकाने तिच्यात कितीही डोकावले तरी त्याला काही कळत नसे. तराजू कंपनीच्या कचेरीत होता.

संगणकाने किती वीज घेतली आणि त्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे सांगणारी सॉफ्टवेअर अलीकडची आहेत. कोडकार्बन, कार्बनट्रॅकर, ग्रीन अल्गोरिदम्स, स्कॅफँडर ही त्यातली काही नावे. तुमचा प्रोग्रॅम चालून संपला की पडद्यावर आकडा येतो: इतके युनिट, इतके ग्रॅम. दशांशचिन्हापुढे पाच-सहा अंक असल्यामुळे त्या आकड्याला मोजमापाचा रुबाब चढतो. प्रत्यक्षात तो दोन आकड्यांचा गुणाकार असतो. एक आकडा संगणकाने घेतलेल्या विजेचा, दुसरा ती वीज तयार होताना पडलेल्या कार्बनचा. या दोन्ही आकड्यांची मापे कार्बन मोजण्यासाठी घडवलेलीच नव्हती, ती दुसऱ्या कामांतून उसनी आणलेली आहेत, आणि या सॉफ्टवेअरचे बळ आणि दुबळेपण दोन्ही त्या उसनवारीत आहे, असे माझे म्हणणे आहे. उसन्या मापाने धान्य घेताना जुनी माणसे विचारत, पायली शिगेची की सपाट? माप तेच, पण वर शीग धरली की नाही यावर घेणाऱ्याचे पोते ठरे. संगणकाच्या विजेच्या हिशेबात गेल्या तीस वर्षांत जे मोठे घोटाळे झाले, ते माप खोटे निघाल्याने क्वचितच झाले. शीग धरायची की नाही, हे कोणी न सांगितल्यामुळे झाले.

पहिल्या पिढीच्या संगणकांना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिआकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. आपल्याकडच्या एका बेताच्या घराला महिनाभर पुरेल एवढी वीज ते यंत्र तासाभरात संपवी. पण एनिआक लष्कराच्या तोफांची गणिते करत होता, आणि लष्कराला विजेचे बिल ही चिंता नव्हती. पुढे तर तंत्रज्ञानच इतक्या वेगाने सुधारत गेले की चिंता करण्याची गरज भासली नाही. जोनाथन कूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जुन्या यंत्रांच्या नोंदी गोळा करून दाखवले, की एका युनिट विजेत होणाऱ्या आकडेमोडींची संख्या १९४६पासून २००९पर्यंत साधारण दर १.५७ वर्षांनी दुप्पट होत आली होती. जी गोष्ट आपोआप स्वस्त होते तिचा हिशेब कोण ठेवतो?

हिशेबाची पहिली निकड आली ती बॅटरीमुळे. संगणक भिंतीवरच्या प्लगपासून सुटला, मांडीवर आणि खिशात आला, आणि वीज अचानक मोजकी झाली. १९९४ साली प्रिन्स्टन विद्यापीठात विवेक तिवारी, शरद मलिक आणि अँड्र्यू वुल्फ यांनी केलेला प्रयोग साधेपणामुळे लक्षात राहतो. त्यांनी इंटेलच्या ४८६ जातीच्या प्रोसेसरला जाणाऱ्या प्रवाहाच्या वाटेवर अ‍ॅमीटर लावला आणि त्या प्रोसेसरला एकच आज्ञा पुन्हा पुन्हा करायला लावली. बेरीज, बेरीज, बेरीज. अ‍ॅमीटरचा काटा स्थिर झाला की त्या एका आज्ञेची किंमत निघाली. मग दोन वेगळ्या आज्ञा आलटून पालटून दिल्या, तर एकूण खर्च दोघींच्या सरासरीपेक्षा थोडा जास्त आला. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याचीही वेगळी किंमत होती. अशी एकेका आज्ञेची दरसूची तयार झाली. प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची रांग, तेव्हा दरसूची हातात असली की प्रोग्रॅमचा खर्च कागदावर मांडता येऊ लागला. वीज यंत्र खाते ही समजूत इथे मोडली. खर्चाची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दारात पोचली.

पाच वर्षांनी, १९९९ साली, कार्नेगी मेलन विद्यापीठात जेसन फ्लिन आणि आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले महादेव सत्यनारायणन यांनी पॉवरस्कोप बांधला. लॅपटॉपच्या वीजवाटेवर डिजिटल मल्टिमीटर, त्याच्या नोंदी टिपणारा दुसरा संगणक, आणि प्रत्येक नोंदीच्या क्षणी लॅपटॉपवर कोणत्या प्रोग्रॅमचा कोणता भाग चालू आहे याची लॅपटॉपनेच ठेवलेली टिपणी. नंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवायची. या जोडणीत मीटरपेक्षा जुळवणी महत्त्वाची होती. मल्टिमीटर फक्त एकूण आकडा देतो. त्यातला किती कोणाच्या नावावर टाकायचा, हे जुळवणी ठरवते. एकत्र कुटुंबाच्या किराणा बिलासारखे आहे हे. दुकानदाराची बेरीज बरोबरच असते, पण तिसऱ्या सुनेच्या वाट्याला किती तेल येते हे दुकानदार सांगू शकत नाही. सॉफ्टवेअरने वीज मोजणे म्हणजे मुख्यतः ही वाटणी करणे.

वाटणी चुकली, किंवा मुळात अंदाजच हवेत मारला, तर काय होते याचा धडा त्याच वर्षी मिळाला. ३१ मे १९९९च्या ‘फोर्ब्स’मध्ये पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांनी लिहिले, की इंटरनेट अमेरिकेतली आठ टक्के वीज खात आहे, आणि दोन मेगाबाइट माहिती तयार करून इकडून तिकडे न्यायला सुमारे एक पौंड कोळसा जळतो. कोळसा खणा, पीसी येत आहेत, असा लेखाचा सूर होता, आणि येत्या दहाएक वर्षांत निम्मी वीज डिजिटल अर्थव्यवस्थेसाठी लागेल असे भाकीतही होते. आकडा चटकदार होता, त्यामुळे तो फिरला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत कूमी आणि सहकाऱ्यांनी तो सुटा करून तपासला, तेव्हा तो जवळपास आठपट फुगलेला निघाला. लेखकांनी एका पीसीला, त्याच्या जोडसामानासह, हजार वॉट लागतात असे धरले होते. टेबलावरच्या यंत्राला प्रत्यक्षात त्याच्या काही अंशाने वीज लागत होती. इथे कोणतेही मापयंत्र बिघडलेले नव्हते, कारण मापयंत्र वापरलेच नव्हते. एका यंत्राचा चुकीचा अंदाज कोट्यवधी यंत्रांनी गुणला गेला होता. तरीही चूक पकडता आली ती लेखकांनी आपले गणित उघडे मांडले होते म्हणून. या गोष्टीचे श्रेय त्यांना क्वचित दिले जाते.

पुढच्या दशकात ही विद्या प्रयोगशाळेतून साध्या वापरणाऱ्यांपर्यंत पोचली. अ‍ॅमीटर सगळ्यांकडे नसतो, पण प्रोसेसरच्या आत आधीपासूनच गणक असतात: किती आज्ञा झाल्या, किती वेळा मेमरीकडे जावे लागले. त्या गणकांवरून खर्चाचा अंदाज बांधता येईल असे फ्रँक बेलोसा यांनी २०००च्या सुमारास मांडले. त्यापेक्षा लोकप्रिय ठरले ते इंटेलमध्ये आर्यन व्हॅन द व्हेन यांनी लिनक्ससाठी लिहिलेले, २००७ साली आलेले पॉवरटॉप. ते ज्यूल मोजण्याच्या फार भानगडीत पडत नसे. झोपलेल्या प्रोसेसरला कोणता प्रोग्रॅम सेकंदाला किती वेळा उठवतो, एवढीच यादी ते नावानिशी पडद्यावर लावी. कुठला तरी घड्याळ दाखवणारा किंवा आवाज सांभाळणारा बारकासा प्रोग्रॅम सेकंदात शेकडो वेळा दार वाजवतो आहे असे दिसले, की त्याच्या कर्त्याला पत्रे जात आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येई. माप ढोबळ होते, पण प्रश्न नेमका होता. सहा अंकी कार्बनचा आकडा देणाऱ्या आजच्या साधनांनी पॉवरटॉपएवढे प्रोग्रॅम सुधारले असतील का, याची मला शंका आहे.

त्याच २००७ साली महासंगणकांची ग्रीन५०० ही यादी सुरू झाली, वॉटमागे किती आकडेमोड या निकषावर. २०१३ सालच्या नोव्हेंबरच्या यादीत पुण्याच्या सी-डॅकचा परम युवा-२ जगात चव्वेचाळिसावा होता. शिगेचा प्रश्न इथेही सुटला नाही. सुरुवातीच्या नियमांनुसार महाकाय यंत्राचा एक भाग थोडा वेळ मोजून त्यावरून पूर्ण यंत्राचा आकडा काढायला परवानगी होती. कोणता भाग आणि कोणता वेळ, हे निवडण्याची मुभा स्पर्धकाला होती. नियम पुढे कडक करावे लागले, यात नवल ते काय.

आता त्या उसन्या मापाकडे येऊ, ज्यावर आजची बहुतेक साधने उभी आहेत. २०११ साली इंटेलच्या सँडी ब्रिज या प्रोसेसरांत रॅपल नावाची सोय आली. नावाचा विस्तार मराठीत करायचा तर ‘चालू सरासरी वीजमर्यादा’. नावातच मर्यादा आहे, मोजणी नाही. प्रोसेसर तापू नये, सर्व्हरच्या कपाटाला ठरवून दिलेल्या विजेच्या बाहेर तो जाऊ नये, म्हणून त्याला लगाम घालणे हा हेतू होता. लगाम घालायचा तर घोडा किती धावतो हे कळायला हवे, म्हणून आत एक ऊर्जागणक बसवला गेला. तो साधारण दर मिलिसेकंदाला पुढे सरकतो आणि त्याचे एक घर म्हणजे सँडी ब्रिज प्रोसेसरांवर एका ज्यूलचा ६५,५३६वा भाग. आपल्या वीजबिलातल्या एका युनिटात छत्तीस लाख ज्यूल असतात, त्यावरून या मापाचा बारीकपणा कळावा. गणकाला घरे मात्र मोजकी: ६५,५३६ ज्यूल झाले की तो पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरचे किलोमीटर ९९,९९९ नंतर शून्य व्हायचे तसे. शंभर वॉट घेणाऱ्या प्रोसेसरवर हे अकरा मिनिटांत घडते, आणि मध्ये वाचायला विसरलेल्या साधनाचा आकडा गुपचूप खाली येतो. सँडी ब्रिजमध्ये हा गणकसुद्धा थेट मोजत नव्हता. आतल्या घडामोडींवरून अंदाज बांधत होता. पुढे हॅसवेल पिढीत प्रत्यक्ष प्रवाह मोजण्याची व्यवस्था आली आणि आकडा बराच विश्वासार्ह झाला. पण तो प्रोसेसरचा आणि काही ठिकाणी मेमरीचा. पडदा, पंखा, डिस्क, वीजपुरवठ्याच्या डब्यात उष्णता होऊन जाणारी वीज, यांतले काही त्यात नाही. लगामासाठी त्याची गरजच नव्हती.

या उसनवारीची किंमत २०२० सालच्या नोव्हेंबरात दिसली. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स तंत्रविद्यापीठाच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी प्लॅटिपस नावाचा हल्ला जाहीर केला. रॅपलचा गणक इतका बारीक आहे, की प्रोसेसर कोणती आकडेमोड करतो आहे हे त्याच्या चढउतारावरून ताडता येते, आणि नेटाने निरीक्षण केले तर गुप्त किल्ल्याही काढता येतात. उपाय म्हणून लिनक्सवर हा गणक वाचण्याचा अधिकार सर्वसामान्य वापरणाऱ्याकडून काढून घेऊन यंत्राच्या व्यवस्थापकापुरता ठेवण्यात आला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. फक्त त्याच सुमारास कार्बन मोजणारी सॉफ्टवेअर जन्माला येत होती. कोडकार्बन महिन्याभरात, डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले. ज्या विहिरीवर ती पाण्याला जाणार होती तिला आदल्याच महिन्यात झाकण बसले होते. परवानगी नसेल तर काय करायचे? कोडकार्बनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या प्रोसेसरच्या माहितीपत्रकातला कमाल उष्णतेचा आकडा घेत आणि त्याचा निम्मा खर्च झाला असे धरत. मेमरीला दर आठ गिगाबाइटमागे तीन वॉट. अंदाज म्हणून यात वावगे काही नाही, आणि कर्त्यांनी तो लपवलाही नाही. पण पडद्यावर येताना मोजलेल्या आणि धरून चाललेल्या आकड्यांचा पोशाख सारखाच असतो.

या साधनांना घाई झाली होती ती २०१९ सालच्या एका निबंधामुळे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एमा स्ट्रुबेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी भाषा शिकणाऱ्या प्रोग्रॅमांचा ऊर्जाखर्च मांडला. प्रोसेसरसाठी रॅपल, ग्राफिक्स कार्डासाठी एनव्हिडियाचे साधन, वर डेटा सेंटरच्या थंडाव्यासाठी १.५८ने गुणाकार, आणि शेवटी अमेरिकी विजेचा सरासरी कार्बन. त्यातला एक आकडा जगभर गाजला: एका विशिष्ट शोधपद्धतीने प्रोग्रॅम घडवताना सुमारे २८४ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पाच मोटारींचे जन्मभराचे उत्सर्जन. २०२१ साली डेव्हिड पॅटरसन आणि गूगलमधल्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की तो विशिष्ट आकडा सुमारे ८८ पट जास्त आहे. शोध लहान नमुन्यावर झाला होता, पूर्ण प्रोग्रॅमवर नाही. आणि तो सरासरी यंत्रांवर न होता गूगलच्या खास चिपांवर, गूगलच्याच डेटा सेंटरमध्ये झाला होता. ८८ पट ही किरकोळ चूक नाही. पण ‘फोर्ब्स’च्या आकड्याशी हिची तुलना करताना एक फरक विसरू नये. स्ट्रुबेल यांनी जे स्वतः चालवले ते मोजले होते. चुकीचा आकडा होता तो दुसऱ्याच्या यंत्रावर झालेल्या कामाचा, आणि त्या कामाचा खर्च मूळ निबंधात छापलेलाच नव्हता. ज्यांच्याकडे तराजू होता त्यांनी वजन सांगितले नाही, म्हणून बाहेरच्यांनी अंदाज केला. अंदाज गाजल्यावर वजन बाहेर आले.

आता गुणाकारातला दुसरा आकडा. विजेच्या एका युनिटामागे किती कार्बन, हा आकडा भारतासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढते. ही मालिका २००६ साली सुरू झाली ती क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेसाठी: पवनचक्की किंवा जलविद्युत प्रकल्पाने किती कार्बन वाचवला याचे श्रेय विकायचे तर मूळ रेषा हवी होती. पुण्यातल्या प्रोग्रॅमरला आपल्या प्रोग्रॅमचा कार्बन कळावा, हे तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. काही वर्षे या माहितीत भारताचे दोन तुकडे असत, दक्षिण आणि उरलेला देश, कारण वीजजाळीच दोन होत्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, देशाची जाळी एक झाली आणि कार्बनचा आकडाही एक झाला, हल्ली युनिटमागे सुमारे ०.७ किलो. कोयनेच्या पाण्यावरची वीज आणि चंद्रपूरच्या कोळशावरची वीज एकाच कढईत पडते, म्हणून हा सरासरी आकडा खोटा नाही. पण तो वर्षाचा आहे. दुपारी सौरऊर्जा भरात असताना चाललेला प्रोग्रॅम आणि रात्री आठला चाललेला प्रोग्रॅम त्याला सारखेच. सूर्य मावळल्यावर वाढीव मागणी पुरवायला कोणते केंद्र पेटते, हा वेगळा प्रश्न आणि त्याचे वेगळे उत्तर. सरासरी कार्बन धरावा की वाढीव मागणीचा, यावर जाणकारांत आजही एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंची साधने बाजारात आहेत.

या दुसऱ्या मापाचा भार किती असतो हे ब्लूम या भाषाप्रारूपावरून दिसते. १७६ अब्ज घटकांचे हे प्रारूप फ्रान्समधल्या झाँ झे महासंगणकावर घडवले गेले आणि साशा लुचिओनी व सहकाऱ्यांनी २०२२ साली त्याचा हिशेब उघड मांडला. प्रत्यक्ष आकडेमोडीला ४,३३,१९६ युनिट वीज लागली. फ्रान्सची वीज बहुतांश अणुऊर्जेची, युनिटमागे अवघे ५७ ग्रॅम, म्हणून कार्बन २४.७ टन. तीच वीज, तीच यंत्रे, तोच प्रोग्रॅम भारतीय जाळीवर चालवला तर सरळ गुणाकाराने आकडा ३०० टनांच्या वर जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वर्षभर घाम गाळून दोन टक्के वीज वाचवली तरी बारा पटींच्या या फरकापुढे ती दिसणार नाही. आणि शिगेचे काय? यंत्रे कामाशिवाय चालू राहिली त्याची वीज धरली तर आणखी १४.६ टन, यंत्रे तयार करताना पडलेल्या कार्बनचा वाटा धरला तर आणखी ११.२ टन, बेरीज ५०.५. सपाट पायली आणि शिगेची पायली यांत दुपटीचा फरक पडला. लुचिओनी यांनी दोन्ही आकडे छापले हे मला सगळ्यात मोलाचे वाटते.

इतके सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, की मग हा खेळ हवा कशाला? अंदाजावर अंदाज रचून आलेल्या आकड्यावर निर्णय घेण्यापेक्षा तो न काढलेला बरा. मला हे पटत नाही. आपल्याकडे पिकाची पैसेवारी काढतात, ती आधी नजर अंदाजाने. तिच्यावर दुष्काळ ठरतो, वसुली थांबते. गावोगावी तिच्यावर भांडणे होतात, पण भांडण कधी ‘पीक मोजूच नका’ असे नसते. कोणत्या शेतांवरून अंदाज घेतला आणि तो घ्यायला कोण आले होते, यावर असते. कार्बनच्या आकड्याबाबत तेच भांडण करायला हवे. शिवाय एकाच यंत्रावर, एकाच साधनाने, एकाच गुणांकाने दोन प्रोग्रॅम मोजले तर गुणांकाची चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि भागाकारात निघून जाते. आकडा स्वतः लंगडा असला तरी त्याची तुलना चालते. फक्त दोन वेगळ्या साधनांचे, दोन वेगळ्या देशांतले आकडे शेजारी ठेवून कोणी शर्यत लावली तर ती फसवी.

दुसरा आक्षेप साध्या माणसाचा आहे: भिंतीच्या प्लगमध्ये मीटर लावा, काम झाले. प्लगचे मीटर पंखा-पडद्यासकट सगळे मोजते आणि सॉफ्टवेअरपेक्षा खरे बोलते. या साधनांची पडताळणीही त्यानेच करावी. पण ते किराणा दुकानदारासारखे आहे, बेरीज सांगून थांबते. आणि आजचे बरेचसे संगणन ज्या यंत्रांवर चालते त्यांचा प्लग वापरणाऱ्याच्या हाताला लागतच नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. एरिक मॅसनेट, कूमी आणि इतरांनी २०२० साली दाखवले, की २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरांचे काम साडेसहा पट झाले, पण वीज सहाच टक्के वाढून २०५ अब्ज युनिटांवर गेली. म्हणजे यंत्रे, थंडावा आणि मोठ्या केंद्रांकडे स्थलांतर यांनी जे साधले ते कोणा प्रोग्रॅमरच्या मीटरने साधले नव्हते. त्यानंतर वारे फिरले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५च्या अहवालात २०२४ सालचा आकडा सुमारे ४१५ अब्ज युनिटांचा आहे (दोन्ही हिशेबांच्या सीमा सारख्या नाहीत, हे इथेही लक्षात ठेवावे). वाढ होत नव्हती तेव्हा मीटर अनावश्यक होते आणि वाढ होऊ लागली तेव्हा ते अपुरे ठरले, असे कोणी म्हटले तर मी फार वाद घालणार नाही. मागणी किती असावी हे मीटर ठरवत नाही. बिल येते म्हणून कोणी घरात लग्न काढायचे थांबत नाही. पण त्या आधीच्या दशकात कार्यक्षमता वाढली ती वीज हा पैशाचा प्रश्न होता आणि पैसे भरणाऱ्यांच्या हातात मीटर होते म्हणून. आता पैसे भरणारा आणि प्रोग्रॅम चालवणारा वेगळे झाले आहेत.

हा वेगळेपणा क्लाउडने आणला. भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये रॅपलचा गणक सहसा दिसत नाही. एका यंत्रावर अनेक भाडेकरू, आणि प्लॅटिपसनंतर कोणता मालक तो उघडा ठेवील? हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सी या कंपनीच्या अभियंत्यांना २०२० साली आपल्या क्लाउडमधल्या कामाची वीज जाणून घ्यायची होती. मीटर नव्हते, म्हणून प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून त्यांनी ढोबळ गुणांक काढले आणि जगासाठी खुले केले. थॉटवर्क्सच्या क्लाउड कार्बन फूटप्रिंट या साधनाने त्याच वाटेने पुढे जाऊन क्लाउडच्या बिलावरून कार्बनचा अंदाज बांधला. घरमालक भाडे सांगतो, वीज सांगत नाही, म्हणून भाड्यावरून वीज ओळखायची. मग मालकांनी आपापले आकडे द्यायला सुरुवात केली. अ‍ॅमेझॉनचे साधन मार्च २०२२मध्ये आले तेव्हा आकडे महिन्याचे असत, तीन महिने उशिरा मिळत, आणि कंपनीने विकत घेतलेल्या हरित विजेची वजावट आधीच झालेली असे. हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या २०१५ सालच्या नियमांत दोन रीती दिल्या आहेत: जाळीवर प्रत्यक्ष काय होते त्यानुसार, किंवा कंपनीने कोणती वीज करारावर घेतली त्यानुसार. दुसरी रीत निवडणे नियमात बसते. तिने हिशेब केला की चंद्रपूरच्या कोळशावर चाललेला सर्व्हरसुद्धा कागदावर राजस्थानच्या उन्हावर चालू शकतो. एडिसनच्या ग्राहकाला पट्टीचे वजन करता येत नसे, पण पट्टी निदान त्याच्या घरात होती.

ऑगस्ट २०२५मध्ये गूगलने आपल्या जेमिनी या एआय सहायकाला विचारलेल्या, विजेच्या खर्चात मधोमध बसणाऱ्या (मीडियन) प्रश्नाचा हिशेब प्रसिद्ध केला: ०.२४ वॉट-तास वीज. त्याच निबंधात दुसरा आकडाही होता. फक्त काम करणाऱ्या चिपा धरल्या, राखीव ठेवलेली यंत्रे, सोबतचे प्रोसेसर आणि मेमरी, थंडावा हे सोडून दिले, तर तोच प्रश्न ०.१० वॉट-तासात बसतो. कार्बनचा आकडा मात्र कराराच्या विजेवर आधारलेला. विजेच्या आकड्यात शीग किती आहे, हे वाचकाला घरबसल्या वजाबाकीने काढता येते. कार्बनच्या आकड्यात करारामुळे किती वजावट झाली, हे काढायला लागणारी जाळीनुसारची संख्या तिथे छापलेली नाही.